सहभागी क्रमांक चार

नीलिमाताई सावरगावकर यांना या महिन्यात साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेसाठी मी लिहावे, असे इथल्या मराठी मंडळाने मला दोनदा कळवले. पहिल्यांदा मी नाही म्हणालो. मला लिहिण्याची सवय नाही, हे कारण मी सांगितले होते. दुसरे सांगितले नव्हते. ज्यांचा गौरव करायचा, त्यांचा मी गेली पाच वर्षे हेवा करत आलो आहे आणि तो अजून पुरता गेलेला नाही. हे लपवून लिहिले तर लेख खोटा होईल, आणि नीलिमाताईंना खोटे लगेच कळते. म्हणून ते सुरुवातीलाच लिहून ठेवतो.

आमची पहिली भेट इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला, ऑफिसात झाली. भाड्याने मिळणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरसाठी आमची लहानशी कंपनी मोबाइल ॲप तयार करत होती. ज्यांनी या स्कूटर वापरल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. उभे राहून चालवायची, दोन छोट्या चाकांची ही गाडी रस्त्याकडेला रंगवलेल्या चौकटीत उभी असते. ॲपने तिच्यावरचा कोड स्कॅन केला की कुलूप उघडते. पोचल्यावर दुसऱ्या एखाद्या चौकटीत ती लावायची, तिचा फोटो काढायचा आणि ॲपवर फेरी संपवायची. या ॲपची पहिली आवृत्ती मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी आठ महिने खपून केली होती. नीलिमाताई डिझाइनच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना ती दाखवायला बसलो. त्यांनी माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग पर्समधून लोकरीचे हातमोजे काढले.

"हे घाला."

मी घातले. त्यांनी दूध आणि बटाटे भरलेली एक पिशवी माझ्या डाव्या हातात दिली.

"आता खाली चला. भुरभुर पाऊस आहे, बरंच झालं. कुलूप उघडून दाखवा."

खाली चाचणीची स्कूटर उभी होती. मोज्याच्या बोटाला फोन दाद देईना. शेवटी मी दातांनी मोजा ओढून काढला, तर मुख्य बटण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात होते आणि माझा अंगठा तिथवर पोचेना. ते बटण तिथे मीच ठेवले होते. आमचे साहेब मार्टिन कॉफीचा कप घेऊन दारात उभे होते, ते मोठ्याने हसले. नीलिमाताई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी परत घेतली आणि मला एकट्यालाच कळेल असे मराठीत म्हणाल्या, "तुमचं ॲप खिडकीच्या आत फार छान चालतं हो."

महिनाभरात सगळे ऑफिस त्याला 'नीलिमाचं ॲप' म्हणू लागले. आतला बहुतेक कोड माझा होता.

नीलिमाताईंचे शिक्षण पुण्याचे. लग्नानंतर त्या कॉव्हेंट्रीला आल्या आणि बरीच वर्षे तिथे मोटारींचे डॅशबोर्ड आखत होत्या. वेग दाखवणारा काटा केवढा असावा, काचेवरची वाफ घालवण्याचे बटण न बघता हाताला लागावे म्हणून कुठे असावे, हे त्यांचे काम. "गाडी चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात, आपल्या बटणावर नाही," हे त्यांचे नेहमीचे वाक्य त्या कामातून आले आहे. मोबाइलच्या कामात त्यांनी हीच शिस्त आणली. ॲपचा नवीन पडदा आधी संगणकावर करायचा नाही. तो कागदावर काढायचा, फोनच्या आकाराचा कापायचा आणि स्टेशनबाहेर चौकटीपाशी जाऊन उभे राहायचे. स्कूटर घ्यायला आलेल्या माणसाला कागद दाखवून विचारायचे, "तुम्ही आता कुठे दाबाल?" माणूस जिथे बोट ठेवील तिथे पेनाने ठिपका. संध्याकाळी ऑफिसात परत येत तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात असे ठिपके पडलेले ओलसर कागद असत. मी तीस वर्षे हा व्यवसाय करतो आहे. वापरणाऱ्या माणसाकडे असे जाऊन उभे राहावे, हे मला कधी सुचले नव्हते. सुचले असते तरी अनोळखी माणसाला थांबवून बोलणे मला जमले नसते. म्हणून अधिक बोचत असे.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे वापरणाऱ्या माणसाचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. दर महिन्याला मंडळाच्या कार्यक्रमानंतर त्या एका टेबलाशी बसतात आणि ज्येष्ठांना डॉक्टरची अपॉइंटमेंट घेण्याचे ॲप शिकवतात, हे बहुतेकांना माहीत आहे. एकदा आपले एक काका वैतागून त्यांना म्हणाले, "अहो ताई, तुम्हीच करून टाका ना. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांत माझं होईल काका, तुमचं नाही होणार. दाबा तुम्ही. चुकलं तर बघू."

"चुकलं आणि बायकांच्या दवाखान्यात नंबर लागला तर?"

"तर काकूंना घेऊन जा."

काकांना पाऊण तास लागला. नीलिमाताईंनी हात मांडीवरून उचलले नाहीत.

याच टेबलाशी माझी पत्नी शैला आणि त्यांची ओळख झाली. शैला शेजारच्या गावात, दोन स्टेशने पलीकडे, लायब्ररीत काम करत असे. ती मोजके बोलणारी आणि मीही तसाच. आमच्या घरात शांतता असे आणि ती आम्हा दोघांना आवडते, असा माझा समज होता. दिवाळीच्या कार्यक्रमात मी खुर्च्या लावून परत आलो तेव्हा शैला नीलिमाताईंच्या शेजारी बसून काहीतरी सांगत होती, दोन्ही हात करून सांगत होती. मी जवळ गेलो आणि गोष्ट संपली.

गाडीत मी म्हणालो, "तुझ्या नीलिमाताईंशी बराच वेळ गप्पा चालल्या होत्या."

"माझ्या कुठल्या? तुमच्याच ऑफिसातल्या ना?"

"ऑफिसात त्या माझ्याशी एवढं बोलत नाहीत."

"तुम्ही तरी कुठे बोलता?" शैला म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी मी हा लेख लिहायला शेवटी तयार झालो.

ॲप सुरू झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात नीलिमाताईंनी एक अभ्यास केला. निरनिराळ्या वयांच्या आठ जणांनी सहा आठवडे स्कूटर वापरायची आणि दर आठवड्याला नीलिमाताईंशी अर्धा तास बोलायचे. कंपनी लहान असल्याने ओळखीतले लोकही चालणार होते. अट एकच होती. कोण काय बोलले ते फक्त नीलिमाताईंना माहीत असेल, बाकी आम्हा सर्वांना फक्त क्रमांक. प्रत्येकाला त्यांनी सहीच्या कागदावर तसे लिहून दिले होते.

शेवटी सगळे एकत्र ऐकायला आम्ही दहाजण बसलो. बोलणे इंग्रजीत झाले, मी ते मराठीत देतो. नीलिमाताई वहीतून वाचत होत्या.

"सहभागी क्रमांक चार. वय पन्नासच्या पुढे. स्कूटर चौकटीत बरोबर लावली. तरी ॲप म्हणत राहिलं, तुम्ही ठरलेल्या जागी नाही. फेरी संपेना. बाई पंचवीस मिनिटं पावसात उभ्या. स्कूटर थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवून बघत होत्या. काय वाटत होतं, असं मी नंतर विचारलं. त्यांचे शब्द आहेत, 'ॲप नाही म्हणतंय, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल.'"

उंच इमारतींमध्ये फोनला आपली जागा नेमकी कळत नाही, पाच-सात मीटरचा फरक पडतो. किती फरक चालवून घ्यायचा हे ठरवणारा भाग माझा होता आणि मी तो कडक ठेवला होता. लोक फुटपाथवर कुठेही स्कूटर टाकून जाऊ लागले तर कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, परवानगी काढून घेईल, ही भीती खोटी नव्हती. पण खरे सांगायचे तर मी त्या वेळी कौन्सिलचा विचार करत नव्हतो. त्या पुन्हा माझे काहीतरी दहाजणांसमोर उघडे पाडत होत्या, एवढेच मला दिसत होते.

"एक व्यक्ती पंचवीस मिनिटं उभी राहते म्हणून सगळं बदलायचं का?" मी म्हणालो. "हेल्पलाइनचं बटण समोर आहे. आणि या बाईंना घरी कुणी नाही का फोन करायला?"

एक-दोघे हसले. नीलिमाताईंनी वहीतून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले.

"आहेत," त्या म्हणाल्या.

"मग क्रमांक चार बाजूला ठेवू या. असे लोक अपवाद असतात."

"असतील. पण त्या बरोबर जागी उभ्या होत्या आणि आपण त्यांना चूक म्हटलं. ते बाजूला कसं ठेवायचं?"

मार्टिननी बदल मंजूर केला.

तो बदल हे माझ्या मते नीलिमाताईंचे सर्वांत चांगले काम आहे. जागेबद्दल ॲपला खात्री नसेल तेव्हा माणसाला अडवायचे नाही. नव्या पडद्यावर तीन साधी वाक्ये आली. आम्हाला तुमची जागा नीट कळत नाहीये. तुम्ही रंगवलेल्या चौकटीत असाल तर फोटो काढा आणि निघा. पुढचं आम्ही बघतो. या तीन वाक्यांसाठी त्या दोन आठवडे कागद घेऊन थंडीत उभ्या होत्या. आधी त्यात 'कृपया' होते, 'क्षमस्व' होते, ते त्यांनी काढून टाकले. घाईतल्या माणसाला माफी नको असते, त्याला निघायचे असते, असे त्यांचे म्हणणे.

"पुढचं आम्ही बघतो, यातले आम्ही म्हणजे कोण?" मी विचारले होते.

"तुम्ही. रोज सकाळी आलेले फोटो तुम्हीच बघायचे."

महिनाभर मी ते फोटो पाहिले. ओल्या डांबरावर रंगवलेल्या पांढऱ्या चौकटी, त्यात नीट उभ्या केलेल्या स्कूटर, कोपऱ्यात कुणाच्या बुटाचे टोक. जवळपास सगळेजण बरोबर जागी होते. इतके दिवस आम्ही त्यांना नाही म्हणत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात शैलाच्या आजाराचे निदान झाले. अकरा महिने ती आजारी होती. त्या काळात नीलिमाताईंनी काय केले, ते मी लिहिले नाही तर दुसरे कुणी लिहिणार नाही, कारण त्यांनी ते कुणाला सांगितलेले नाही. ॲपची नवी आवृत्ती बाहेर काढायचे मोठे काम माझ्यावर होते. त्यांनी मार्टिनकडे जाऊन डिझाइन अपुरे आहे, तीन आठवडे हवेत, असे सांगितले आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. डिझाइन पूर्ण झालेले होते. हे मला पुढे मार्टिनकडून कळले. दर गुरुवारी मी ऑफिसात असताना त्या हॉस्पिटलमध्ये शैलाजवळ बसत. मी संध्याकाळी पोचे तेव्हा बाहेरूनच दोघींच्या हसण्याचा आवाज येई. मी आत गेलो की शैला डोळे पुशी. "काही नाही हो, असंच," असे म्हणे. मी कृतज्ञ असायला हवे होते, आणि होतोही. पण त्या गुरुवारांचा मला फार त्रास झाला. तिच्याजवळ थोडेच हसणे उरले होते आणि ते माझ्या वाट्याला येत नव्हते.

शैला गेल्या वर्षी गेली.

यंदाच्या वसंत ऋतूत मी तिचे कागद आवरायला घेतले. लायब्ररीच्या कागदांमागे एका प्लॅस्टिकच्या पाकिटात आमच्याच कंपनीचा फॉर्म निघाला. त्यावर शैलाची सही होती, खाली नीलिमाताईंची, आणि वरच्या कोपऱ्यात क्रमांक चार.

शैला स्कूटर चालवत होती, हेच मला माहीत नव्हते. पूर्वी मी तिला गाडी शिकवायला घेतले होते, तेव्हा एका राउंडअबाउटच्या गोल चौकात माझा आवाज चढला. पुन्हा ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली नाही. तिचे प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्स फक्त ओळखपत्र म्हणून पाकिटात असे. त्याच लायसन्सवर ती सहा आठवडे स्टेशनपासून लायब्ररीपर्यंत उभ्याने स्कूटर चालवत गेली होती. त्या हिवाळ्यात एकदा ती चिंब भिजून घरी आली होती, ते मला आठवले. मी कॉलवर होतो. मी हातानेच काय झाले असे विचारले आणि ती म्हणाली, "बस चुकली."

शनिवारी दुपारी मी नीलिमाताईंच्या घरी गेलो. फॉर्म टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि चहा ओतायच्या थांबल्या.

"चार नंबर शैला होती," मी म्हणालो.

"हो."

"त्या मीटिंगमध्ये मी जे बोललो..."

"ते मी तिला सांगितलं नाही."

"तुम्ही मला तिथेच गप्प करू शकला असता. एक नाव घेतलं असतं तर पुरलं असतं."

"नाव माझं नव्हतं ना घ्यायला."

मी ज्यासाठी आलो होतो ते विचारले. "पंचवीस मिनिटं ती पावसात उभी होती. मी कामात होतो, फोन समोर होता. तो भाग मीच लिहिलाय, हे तिला ठाऊक होतं. तिने मला फोन का नाही केला?"

"मीही तिला हेच विचारलं होतं."

"मग?"

"तिने सांगितलं."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला.

"काय सांगितलं, नीलिमाताई?"

"ते मला नाही सांगता येणार. तिने ते तुमच्यासाठी सांगितलं नव्हतं, ॲपसाठी सांगितलं होतं. मी तिला कागदावर लिहून दिलंय."

"ती आता नाहीये."

"म्हणून तर. असती तर तिला विचारून सांगितलं असतं."

"रेकॉर्डिंग असेल. तेवढं तरी ऐकवा. तिचा आवाज आहे त्यात."

"सहा महिन्यांनी पुसणार, असं लिहिलं होतं. पुसलं. मुदत आली तेव्हा तिचं निदान नुकतंच झालं होतं. एक अख्खा दिवस मी ते पुढे ठेवून बसले होते, खोटं नाही सांगत. मग पुसलं. वहीतली पानंही काढून टाकली."

मी उठलो. माझ्या मनात त्या वेळी जे आले ते गौरवाच्या लेखात लिहिण्यासारखे नाही. माझ्या बायकोचे तास या बाईंकडे होते, आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने पुसले होते. उरले होते ते फक्त त्यांच्या डोक्यात, आणि तिथे मला प्रवेश नव्हता.

दारापाशी त्या म्हणाल्या, "थांबा जरा. एक सांगते. ते आमच्या त्या बोलण्यातलं नाही, नंतरचं आहे. बदल मंजूर झाल्याचं मी शैलाला लायब्ररीत जाऊन सांगितलं. तिने विचारलं, 'ह्यांनी विरोध केला असेल ना?' मी म्हटलं, 'केला.' तर हसायला लागली. म्हणाली, 'करणारच. पण एकदा पटलं की माझ्या नवऱ्याइतकं नीट कुणी करणार नाही. बघा तुम्ही.'"

मी घरी आलो. पुढचे दोन महिने मी नीलिमाताईंशी कामापुरतेच बोललो. त्यांनी एकदाही स्वतःची बाजू समजावून सांगितली नाही. त्यानंतर एका दुपारी कॅन्टीनमध्ये मी आपण होऊन त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि शैलाच्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोलायला लागलो. माझ्या मुलीशी, भावाशी जे बोललो नव्हतो ते बोललो. अर्ध्या तासाने उठताना माझ्या लक्षात आले की हे बोलणे कुठेही जाणार नाही याची मला पूर्ण खात्री होती. ती खात्री मला कशी आली, हेही लक्षात आले. आता महिन्यातून एखाद्या वेळी आम्ही असे बसतो. त्या माझ्याशी फारसे बोलत नाहीत, ऐकतात. शैलाही बहुधा अशीच त्यांच्यासमोर बसत असावी.

तरी मी त्यांचा हेवा करतो. त्यांच्या कामाचा आता करत नाही, ते माझ्यापेक्षा चांगले आहे आणि ते मान्य करायला मला पाच वर्षे लागली. मी हेवा करतो तो सहा अर्ध्या तासांचा आणि त्या गुरुवारांचा. शैलाबरोबरची माझी सगळी वर्षे आता मला पाठ झाली आहेत. त्यात नवे काही यायचे उरलेले नाही. जे मला माहीत नाही ते फक्त नीलिमाताईंना माहीत आहे. तिने मला फोन का केला नाही, या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते एका माणसाने जपून ठेवले आहे. ते मला मिळणार नाही, हे मी आता जाणतो. मी पुन्हा विचारणारही नाही.

साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या नीलिमाताईंना मी पुढची अनेक वर्षे चिंतितो. त्यांचे गुडघे त्यांना थंडीत चौकटींपाशी उभे राहू देवोत, डोळे आणि कान चांगले राहोत. सगळ्यात अधिक, त्यांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत लख्ख राहो. ही इच्छा त्यांच्यासाठी आहे आणि तितकीच माझ्यासाठीही. त्या आहेत तोवर शैलाचे जे माझ्याकडे नाही, ते या जगात कुठेतरी सुरक्षित आहे.